रामटेके सिस्टरची पावलं

"सरोज! ए सरोज! कुठी मेली तू?"

तिसरी हाक आली तेव्हा सरोजिनी कणीक मळत होती. हात तसेच घेऊन ती मागच्या पडवीत गेली. संडासाची कडी आतून लावलेली नव्हती. मागच्या दोन वेळांपासून ती लावायची नाही असं ठरलं होतं. तिनं दार ढकललं. देवीदास कमोडवरून अर्धवट उठून तिथंच अडकला होता. एक हात नळावर, एक भिंतीवर, लेंगा घोट्याशी. कपाळावरून घामाच्या धारा.

"उसण भरली ना. पाहून काय राहिली? उचल मले."

सरोजिनीनं हात धुतले. मग त्याच्या दोन गुडघ्यांमध्ये आपला एक गुडघा रोवला, काखेत हात घातले आणि वॉर्डातल्या सवयीनं म्हणाली, "एक, दोन, तीन." त्याला उभं केलं, भिंतीला टेकवलं आणि पाण्यानं धुऊन काढलं.

"नीट पूस," तो म्हणाला. "तुले तं सवय आहे."

तिला किळस आली. दार लोटून ती क्षणभर बाहेर उभी राहिली.

चौतीस वर्षं तिनं सरकारी दवाखान्याच्या महिला वॉर्डात नोकरी केली होती. पू काढला होता, अळ्या पडलेल्या जखमा धुतल्या होत्या, कुंडमच्या जंगलातून बैलगाडीनं आलेल्या बाळंतिणींचं सडलेलं रक्त हातानं उपसलं होतं. नाकाला पदर लावणाऱ्या नव्या पोरींवर ती ओरडायची, "माणूस आहे तो, उकिरडा नाई." तिथं तिला कधी किळस आली नव्हती. आणि इथं, लग्नाच्या नवऱ्याच्या अंगावर पाणी ओतताना आली. ती घाणीची नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दीड वर्षातली ही तिसरी वेळ. देवीदास फॅक्टरीच्या स्टोअरमधून चार वर्षांपूर्वी रिटायर झाला आणि दिवाणावर आडवा झाला, तो झालाच. पोटावर मोबाइल, उशाला फरसाण-मिक्सचरचा डबा, समोर टीव्ही. कंबर धरली की आठ-दहा दिवस सगळं जागेवर. दुखणं खोटं नव्हतं. कुशीवर वळताना त्याच्या डोळ्यांत खरं पाणी यायचं, ते ती पाहत होती. पण दुखणं उतरल्यावरही पुढचा महिनाभर तो कण्हण्याचा सूर सोडायचा नाही. चहा हातात, ताट हातात, तेल लावून दे, पाय चेपून दे. ती गेल्या जूनमध्ये रिटायर झाली तेव्हा तो शेजाऱ्यांना हसत म्हणाला होता, "चलो, आता सिस्टर चोवीस तास ड्यूटीवर."

या वेळी तिनं त्याला उचलून डॉक्टर दीप्ती डबीरांकडे नेलं. लष्कराच्या छावणीला लागून असलेल्या सदर बाजारात त्यांचा दवाखाना होता. वीस वर्षांपूर्वी इंटर्न असताना या डबीरबाई सरोजिनीच्याच वॉर्डात सुईसाठी शीर शोधायला शिकल्या होत्या, म्हणून अजूनही तिला पाहिलं की खुर्चीवरून उठायच्या.

त्यांनी देवीदासचे पाय उचलून पाहिले, तळव्यावर टोचून पाहिलं, एक्सरे उजेडावर धरला.

"काका, नस दबलेली नाही. हाड चांगलं आहे. आठवडाभरात हे उतरेल. पण परत येईल."

"मग पक्की दवाई द्या ना मॅडम. काही सुई वगैरे."

"पक्की दवाई चालणं. दुखणं कमी झालं की रोज दहा मिनिटं. दर आठवड्याला थोडं वाढवायचं. अर्ध्या तासापर्यंत न्या, आठवड्यातून निदान पाच दिवस. आणि थांबायचं नाही, बरं वाटलं तरी. गोळी आजचं दुखणं कमी करेल. पुढचं लांबवायचं तर चालावंच लागेल."

"बस, चालायचं?" देवीदासला फसवल्यासारखं वाटलं. घरी येईपर्यंत तो आटोत बडबडत राहिला, "पाचशे रुपये फीस, अन् सांगतलं काय, तं चाला."

पुण्याला कंपनीत असलेल्या मुलाला, अश्वजीतला, हे कळलं तेव्हा त्यानं आठ दिवसांत एक घड्याळ पाठवून दिलं. हाताला बांधलं की ते पावलं मोजायचं आणि तो आकडा देवीदासच्या मोबाइलमधून थेट अश्वजीतच्या मोबाइलवर जायचा. "पापा, अब मैं रोज देखूंगा हां," तो फोनवर म्हणाला. लहानपणापासून इथल्या हिंदी शाळेत वाढलेला अश्वजीत मराठी सगळी समजायचा, बोलायचा मात्र हिंदीच.

पहिले तीन दिवस देवीदास खरंच चालला. सरोजिनी सोबत होती. गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याच्या ढिगात गायी तोंड घालून उभ्या असायच्या. पुढे पानठेल्याच्या भिंतीवर लाल पिचकाऱ्यांचे थरावर थर चढलेले. ते ओलांडून सदरच्या बाजारातून छावणीच्या रुंद रस्त्याला लागलं की मग हवा मोकळी व्हायची. पण देवीदासला प्रत्येक पावलाला काहीतरी सुचायचं. कुत्रे आहेत. ऊन आहे. लोक पाहून राहिले. चप्पल चावून राहिली.

चौथ्या दिवशी तो बाजारातच खव्याच्या जलेबीच्या दुकानापाशी थांबला. बाकावर फॅक्टरीतला जुना सोबती चिंतामणी बसला होता.

"तू जाऊन ये," देवीदास म्हणाला. "मी बसतो जरा."

"डॉक्टरनं तुमाले सांगतलं का मले?"

"अगं, तू तशीही पायानं चालणारी बाई आहे. हे घे." त्यानं मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि तिच्या हातात कोंबलं. "घाल. पोरगा पाह्यते ना तिकडं. त्याले कायले उगाच टेन्शन?"

सरोजिनीनं चिंतामणीकडे पाहिलं. तो जलेबीकडे पाहत होता. चारचौघांत भांडायची तिची जात नव्हती. तिनं घड्याळ बांधलं आणि चालायला लागली. पेंटीनाक्याच्या चौकापर्यंत पोचेतो तिला स्वतःचाच राग आला. वॉर्डात एखाद्या नर्सनं न घेतलेलं टेंपरेचर चार्टवर लिहिलं असतं, तर सरोजिनीनं तिला उभं चिरलं असतं. आणि आज आपण काय करतोय?

अर्ध्या तासानं ती परत आली तेव्हा देवीदास बाकावर पाय पसरून बसला होता. मिशीला पाक लागलेला. बोटं चाटून तो पाक त्यानं लेंग्याला पुसला आणि घड्याळासाठी हात पुढे केला.

"किती झाले?"

"चार हजार."

"बस? उद्या थोडं लंबं जाजो."

असं मार्चपासून सुरू झालं. घरून दोघं सोबत निघायची, घरी दोघं सोबत यायची. मधला पाऊण तास तो बाकावर आणि ती रस्त्यावर.

स्वतःच्या कंबरेबद्दल सरोजिनीनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. चौतीस वर्षं बायकांना एका पलंगावरून दुसऱ्या पलंगावर उचलून उचलून तिच्या कंबरेत एक दगड बसला होता. रात्री ती टॉवेलची गुंडाळी कंबरेखाली घेऊन झोपायची. वर्षातून दोन-तीनदा तो दगड हलायचा, आणि त्या दिवसांत ती ओट्याला पोट टेकवून, दात आवळून स्वयंपाक करायची. घरात एका वेळी एकाचीच कंबर दुखू शकत होती, आणि ती जागा भरलेली होती.

एप्रिल संपता संपता एकदा तांदूळ निवडून ती जमिनीवरून उठली आणि उठल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण कशालाच धरलं नाही. ती पुन्हा खाली बसली. पुन्हा उठली. मे महिन्यात टॉवेलची गुंडाळी नुसतीच उशाशी पडून राहू लागली. चालण्याचा वेग वाढला होता. पाच हजार, साडेपाच हजार. सकाळच्या फौजी पोरांच्या रांगा तिच्या बाजूनं धप धप करत पळत जायच्या आणि त्यातला एखादा "नमस्ते मौसी" म्हणायचा. घरी आल्यावर या सगळ्याचा आनंद कुणाला सांगावा असं तिला वाटायचं, आणि सांगायला एकच माणूस होता.

म्हणून जुलैत एकदा तिनं सांगितलं. बाकावरून त्याला उठवून दोघं घराकडे निघाली होती.

"आज त्या बंद बंगल्याच्या भिंतीवर लांडोर होती. चार पिल्लं सोबत. एकेक करून उड्या मारून राहिली होती खाली. शेवटचं घाबरत होतं. मी उभीच राह्यली पाहत."

"अच्छा," तो म्हणाला.

त्या रविवारी बुद्धविहारातली वंदना आटोपून घरी आल्यावर अश्वजीतचा व्हिडिओ कॉल आला. बाजूला सून प्रियंकाही होती.

"पापा, एक भी दिन छुट्टी नहीं! मैंने तो ऑफिस में सबको दिखाया," अश्वजीत म्हणाला.

"अरे, आदत हो गई अब," देवीदास म्हणाला. "सकाळी बाहेर निघालं की मन कसं फ्रेश होते. परसों तो क्या हुआ, एका बंगल्याच्या दीवारवर लांडोर. मोरनी रे. तिच्यासंग सहा पिल्लं. एकेक करून कुदून राहिले खाली. शेवटचं जे होतं ना, छोटंसं, ते घाबरत होतं. मी उभाच राह्यलो पाहत."

"हाय, सो क्यूट!" प्रियंका म्हणाली.

सरोजिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या तोंडात आंबट पाणी सुटलं. मोरीत जाऊन तिनं चूळ भरली, तरी चव जाईना. त्यानं तिची पावलं नेली होती, ते तिनं हसण्यावारी नेलं होतं. पण ते घाबरलेलं पिल्लू तिनं पाहिलं होतं. दोन पिल्लं वाढवून, आपल्या मिशीला लावून तो ते पोराला विकत होता. त्या दिवसापासून रस्त्यात काय दिसलं ते तिनं त्याला सांगितलं नाही. तो विचारायचा, "आज काय पाह्यलं?" ती म्हणायची, "काई नाई. रस्ता."

ऑगस्टमध्ये देवीदासला पुन्हा उसण भरली. या वेळी वाकून चपलेत पाय घालताना. किंचाळून तो दारातच आडवा झाला. सरोजिनीनं शेजाऱ्यांना बोलावलं, दिवाणावर घातला, गोळी दिली, शेक दिला. दुसऱ्या दिवशी अश्वजीत चार दिवसांची रजा टाकून आला.

"रोज चलने के बाद भी?" तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "मम्मी, कुछ तो सीरियस है."

पाचव्या दिवशी देवीदास जरा उभा राहू लागला तेव्हा तिघं डॉक्टर डबीरांकडे गेली. अश्वजीतनं मोबाइल उघडून डॉक्टरांपुढे ठेवला. "मॅडम, ये देखिए. मार्च से. रोज का."

डॉक्टरांनी बोटानं महिने मागं सरकवले. जुलै, जून, मे, एप्रिल. भिंतीसारखे उभे निळे खांब. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"काका, हे इतकं तुम्ही चाललात?"

देवीदासनं मान हलवली.

"एकही दिवस न चुकता? या वेगानं?"

"हो."

डॉक्टर खुर्चीत मागे टेकल्या. "मग मला विचार करावा लागेल. इतकं चालून पाच महिन्यांत पुन्हा तेवढंच जोरात येतंय, म्हणजे माझा अंदाज चुकत असेल. आपण एमआरआय करून घेऊ. तो पाहून नागपूरला एका सर्जनकडे पाठवते. मणक्यात इंजेक्शन द्यावं लागेल कदाचित. ऑपरेशनची गोष्ट आत्ता करत नाही, पण ते ठरवतील."

"नागपूर, मुंबई, जहां बोलेंगे ले जाऊंगा," अश्वजीत म्हणाला.

सरोजिनी देवीदासकडे पाहत होती. आता बोलेल. एवढं तर बोलेलच. मणक्यात सुई घालायची म्हणतात, आता तरी हसून म्हणेल, अहो मॅडम, खरं सांगू का. देवीदास समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होता. वर पंखा घरघरत होता. त्यानं घसा खाकरला. आणि म्हणाला, "ठीक आहे डॉक्टर. तुमी म्हणाल तसं."

तिला पुन्हा तीच शिसारी आली, पण या वेळी ती पोटात राहिली नाही. पोरासमोर खोटा पडण्यापेक्षा हा माणूस पाठीत सुई घालून घ्यायला तयार होता. आणि सुई लागली असती तर उशाशी बसायला तीच होती.

"डॉक्टर," ती म्हणाली. "हे पावलं माहे आहेत."

कुणाला काही कळलं नाही.

"ते घड्याळ मी घालत होती. मार्चपासून. हे बाजारात बसत होते. मी चालत होती. हे चाललेच नाईत, तं चालून फरक पडला का नाई, ते तुमाले कसं समजंल? आता एमआरआय करायचा का नाई, ते हे पाहून ठरवा."

अश्वजीतनं बापाकडे पाहिलं. देवीदासची मान खाली गेली होती आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग अश्वजीत आईकडे वळला.

"मम्मी, आपने पहनी ही क्यों? आप तो नर्स हो! आपको तो रोकना चाहिए था ना?"

सरोजिनीनं पोराकडे पाहिलं. बत्तीस वर्षांचा, शिकलेला, तिनं अंगावर पाजून वाढवलेला. त्याच्या कपाळावर तीच आठी होती, जी देवीदासच्या कपाळावर चहा थंड झाला की पडायची.

"हो, मायं चुकलंच," ती शांतपणे म्हणाली. "म्हणून तं सांगून राहिली."

डॉक्टर डबीरांनी मोबाइल उचलून अश्वजीतच्या हातात परत दिला. देवीदासच्या कागदावर लिहिलेला एमआरआय त्यांनी खोडला. मग तिच्याकडे वळून विचारलं, "रामटेके सिस्टर, तुमची कंबर दुखायची ना? वॉर्डात असताना तुम्ही ट्रॉलीला टेकून उभ्या राहायच्या. मी पाहिलंय."

सरोजिनीचा हात नकळत कंबरेवर गेला.

"आता कशी आहे?"

"बरी आहे," ती म्हणाली. "मे महिन्यापासून बरी आहे." आणि डोळ्याला पदर लावायची वेळ येऊ नये म्हणून ती आटो बघायला बाहेर गेली.

त्या दुपारी अश्वजीत सामान भरून स्टेशनवर गेला. जाताना आईच्या पाया पडला, पण तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. दार लागल्यावर देवीदास दिवाणावरून म्हणाला, "तू मले पोरासमोर नागडं केलं, सरोज."

ती भांडी लावत होती. ती थांबली.

"मी लई नागडी माणसं पाह्यली," ती म्हणाली. "मरायला टेकलेली. अंगावर चिंधी नसलेली. त्याईची मले लाज नाई वाटली कधी. किळस नाई आली. तुमची येते. पाच महिने येऊन राहिली. तुमच्या दुखण्याची नाई, तुमची."

तिनं हे अगदी साध्या आवाजात सांगितलं. देवीदासनं भिंतीकडे तोंड केलं.

पुढचे दिवस घरात बोलणं उरलं नाही. वेळेवर ताट आलं, वेळेवर गोळी आली. तेल मात्र तिनं लावलं नाही, आणि त्यानंही मागितलं नाही. घड्याळ टीव्हीवर पडून राहिलं, चार्ज संपून बंद झालं. ती पहाटे एकटी निघायची आणि किती वेळ लागला ते पाहायची नाही. एकदा ती एवढी पुढे गेली की बंगले संपले आणि मोकळ्या माळावर उजाडलं. तिथं एका दगडावर बसून तिनं पायातला खडा काढला. शेजारी कुणी नव्हतं. इतकं बरं वाटलं की तिला त्याची भीती वाटली.

तिला वाटायचं, मनातलं बोलून टाकलं की ती किळस जाईल. जुनी जखम फोडली की पू निघून जातो, तशी. पण ती गेली नाही. त्याच्या जेवणाचा आवाज तिला अजून सहन व्हायचा नाही. तो शिंकला तरी ती खांदे आवळून घ्यायची. ती त्याला सोडून जाणार नव्हती. तसा विचारही तिच्या मनात आला नाही. फक्त जे गेलं होतं ते परत येणार नाही, एवढं तिला चालता चालता समजलं होतं.

सप्टेंबरच्या मध्यात एका सकाळी ती परतत होती. छावणीच्या रस्त्यावर अजून धुकं होतं. लांबवर कुणीतरी येताना दिसलं. कंपाउंडच्या भिंतीला एक हात लावलेला, पाय जमिनीवरून न उचलता ओढत, दर थोड्या अंतरावर थांबत. तिला वाटलं, कुणी म्हातारा असेल. जवळ आल्यावर तो देवीदास होता. घरून इथपर्यंत तो एकटा आला होता. शर्टाचं बटण चुकलेलं, चेहरा पांढराफटक, ओठ घट्ट मिटलेले. बाजूनं पळणारा एक फौजी त्याला काहीतरी विचारायला थांबला. देवीदासनं हातानंच नको म्हटलं आणि पुढचं पाऊल टाकलं.

नजर पावलांवर असल्यानं त्यानं तिला पाहिलं नव्हतं. एक हाक मारली असती तर तो थांबला असता, तिच्या खांद्यावर भार टाकून घरी आला असता.

सरोजिनीनं दोन्ही बाजूंना पाहिलं आणि रस्ता ओलांडला. पलीकडच्या कडुनिंबांच्या आडून ती त्याला ओलांडून निघून गेली, पुढे वळणावर जराशी थांबली. त्याच्या चपलांची फरफट अजून ऐकू येत होती. फरफट थांबली, मग पुन्हा सुरू झाली. ती ऐकू येईनाशी झाल्यावर सरोजिनी घराकडे चालू लागली.